झाडं कुठल्या दिशेला पडली?

मे महिन्यात सांवेर-देपालपूरच्या बाजूला जोराची आंधी आली, बांधावरच्या चार बाभळी आडव्या झाल्या, शेडचे पत्रे उडाले, की इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर व्हिडिओ फिरू लागतो: ‘माळव्यात टोर्नेडो!’ कित्येकदा त्यात दिसते ती साधी वावटळ. ती निरभ्र आकाशाखाली, तापलेल्या जमिनीवरून वर उठते, आणि तिच्यात भूत नसतं, धूळ असते. टोर्नेडो म्हणजे जमिनीला टेकलेला हवेचा जोरदार भोवरा, आणि त्याला डोक्यावर गडगडाटी ढग लागतो. आपल्याकडच्या आंधीतही ढग असतो, पण तिथे पावसाच्या बाष्पीभवनाने गार, जड झालेली हवा खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. भारतात टोर्नेडो होतच नाहीत असं मात्र नाही. 17 मार्च 1978 ला तो थेट दिल्लीत झाला होता.

मग कोणी पाहिलं नसेल तर ओळखायचं कसं? पडलेल्या झाडांवरून. हे शास्त्र उभं केलं जपानी-अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी. 1945 मध्ये नागासाकीच्या अणुस्फोटानंतर त्यांनी तिथली पडझड पाहिली होती: स्फोट वर हवेत झालेला, आणि झाडं एका बिंदूपासून बाहेर, ताऱ्याच्या किरणांसारखी. अमेरिकेत 1974 च्या वादळांनंतर विमानातून पाहणी करताना त्यांना जंगलात तीच आकृती दिसली. म्हणजे इथे हवा फिरली नव्हती, वरून आदळली होती.

टोर्नेडोची खूण याच्या उलट, आणि माझ्या मते फार देखणी. समजा, भोवरा ताशी 200 किलोमीटरने घड्याळाच्या उलट दिशेने फिरतोय आणि सबंध वादळ ताशी 60 ने पुढे सरकतंय. वादळाच्या जाण्याच्या दिशेला तोंड करून उभे राहा. उजवीकडे दोन्ही वेगांची बेरीज होते, 260; डावीकडे वजाबाकी, 140. आता झाड मोडायला ताशी 150 लागत असतील, तर उजवीकडची झाडं पडतील आणि डावीकडची उभी राहतील. त्यातच जमिनीच्या घर्षणामुळे वारा नुसता गोल फिरत नाही, केंद्राकडे ओढला जातो. त्यामुळे उजवीकडची झाडं पुढे आणि आत झुकून पडतात, तर वेग पुरेसा असेल तेव्हा डावीकडची मागे आणि आत. सगळ्यांचे शेंडे मधल्या एका रेषेकडे वळलेले. वादळ फार वेगाने धावत असेल तर वजाबाकीत उरतं ते ऋण की धन, यावर डावीकडचं चित्र पालटतं. कागदावर बाण काढून पाहा, सुटेल.

मोठ्या भोवऱ्याच्या पोटात कधी कधी लहान भोवरे फिरत असतात. हलवाई कढईवर हात गोल फिरवत पुढे नेतो तेव्हा तेलात जशी वेटोळी पडतात, तशी वेटोळी ते शेतात उमटवतात. आधी वाटायचं, जड वस्तू फरफटल्याचे ओरखडे असावेत. फुजितांनी दाखवलं की त्या कचऱ्याच्या, धसकटांच्या जमलेल्या ओळी आहेत. एक घर भुईसपाट आणि शेजारचं शाबूत, याचं कारण बहुधा हेच भोवरे. शाबूत घराच्या दारावरच्या लिंबू-मिरचीला त्याचं श्रेय देऊ नये.

आता गंमत अशी की टोर्नेडोची प्रतवारी, फुजितांची 1971 ची आणि अमेरिकेत 2007 पासून वापरात असलेली सुधारित, वारा मोजत नाही. ती नुकसान पाहून वाऱ्याचा अंदाज बांधते. उघड्या शेतात मोडायलाच काही नसेल तर? 31 मे 2013 ला ओक्लाहोमात एल रीनोजवळ 4.2 किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो झाला. तीन अनुभवी वादळ-अभ्यासक त्यात दगावले. गाडीवर बसवलेल्या रडारने ताशी 450 किलोमीटरच्या वर वेग टिपला. त्या नोंदीवरून त्याला सर्वोच्च, पाचवी श्रेणी मिळाली, मग ती पुन्हा तिसरीवर उतरवली, कारण जमिनीवरचं नुकसान तेवढंच दाखवत होतं.

उलट 20 जून 2025 ला नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनजवळचा टोर्नेडोही शेतांतूनच गेला, पण वाटेत मालगाडी होती. रिकामा टँकरचा डबा शंभर मीटरहून दूर फेकला गेला. अभियंत्यांनी त्यावरून वाऱ्याचा हिशेब मांडला, आणि काही महिन्यांनी त्याची श्रेणी वाढवून पाचवी केली गेली.