कुंडीतलं लिंबू आणि मुळांना लागणारी हवा

इंदुरात राजेंद्रनगर असो की सुदामानगर, मराठी घराच्या गच्चीवर कागदी लिंबाची एखादी कुंडी असतेच. पोह्यांवर पिळायला घरचं लिंबू हवं! काही वर्षं झाड छान वाढतं, मग पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात आणि आपण खत वाढवतो. माझ्या मते आधी मुळं बघावीत. बरेचदा ती गुदमरलेली असतात.

माळव्याची काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यातले चिकण कण पाण्यानं फुगतात, वाळले की आकसतात. शेतात उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि हवा आत शिरते. कुंडीत मात्र रोजच्या पाण्यानं ती दडपून बसते. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो, आणि तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या, की मूळकूज आणणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाचं फावतं.

निचऱ्यासाठी तळाशी खापऱ्यांचा थर देण्याची पद्धत घरोघरी आहे. ती मोडायला हवी. बारीक मातीतली छिद्रं पाणी ओढून धरतात, खापऱ्यांमधल्या मोठ्या फटी धरत नाहीत. त्यामुळे वरच्या मातीचा खालचा भाग पूर्ण भिजेपर्यंत पाणी थरात उतरतच नाही. एरवी कुंडीच्या तळाशी राहणारा चिखल खापऱ्यांमुळे वर, मुळांपाशी येतो. छिद्रावर जाळीचा तुकडा पुरे. मोकळेपणा सगळ्या मिश्रणात हवा: एक भाग माती, एक भाग विटांचा भरड चुरा (भुकटी चाळून काढलेला) आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत.

कुंडी बदलायला पहिले चांगले पाऊस पडून गेल्यावरचे दिवस उत्तम, कारण दमट हवेत पानांतून पाणी कमी उडतं. नवी कुंडी दोन-तीन इंचांनीच मोठी घ्या. फार मोठ्या कुंडीत मुळं न पोहोचलेली माती ओलीच राहते. गोळा बाहेर काढल्यावर पांढरी मुळी दिसली तर झाड धडधाकट आहे. तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढा. साल सुटून हातात आली आणि मागे नुसता दोरा उरला, तर ते कुजलंय. ते कापा, कडेनं गोल फिरलेली मुळंही कापा. झाड पूर्वीइतकंच खोल लावा, कलमाचा सांधा मातीवर ठेवा.

मुळं बरी असूनही कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह मिळत नाहीये. बोरिंगचं पाणी जड असेल तर त्यातल्या बायकार्बोनेटमुळे मातीचा सामू (pH) वर चढतो, आणि तो एका अंकानं वाढला की लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपट घटते. म्हणून कुंडीत गंजके खिळे पुरून उपयोग नाही. गंज विरघळतच नाही. चिलेटेड लोह (मातीत विरघळलेलंच राहील अशा रूपातलं) द्या, जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी घाला. आधी जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय.

बहार धरण्यासाठी बागायतदार पाणी तोडून ताण देतात, ते बघून कुंडीत तसं करू नका. बागेत मुळं दूरवरची ओल शोधतात. गच्चीवर मेच्या उन्हात छोट्या कुंडीची माती एका दिवसातही कोरडी पडते, आणि ताण कधी जिवावर बेतला ते पानं वाळल्यावरच कळतं.