गर्भपात, ख्रिस्ती धर्म आणि अमेरिकेचे राजकारण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गर्भपाताच्या कायद्यावरून ख्रिस्ती पंथ व राजकीय पक्ष यांची जी सांगड पडली आहे, तिचा विचार या नोंदीत केला आहे. आज ही सांगड स्वाभाविक वाटते. तथापि ती साधारणपणे १९७० नंतरच्या दशकात घडत गेली.

बायबलमध्ये गर्भपाताला थेट नाव घेऊन मनाई केलेली आढळत नाही. वाद मुख्यतः जुन्या करारातील निर्गम २१ : २२–२५ या वचनांचा आहे. पुरुषांच्या मारामारीत गरोदर स्त्रीला मार लागून मूल बाहेर पडले, पण इजा झाली नाही, तर दंड. इजा झाली, तर जिवाबद्दल जीव, असा तेथील नियम. इजा कोणाची, आईची की मुलाची, हे हिब्रू पाठावरून ठरत नाही. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतराने ‘आकार आलेला’ व ‘आकार न आलेला’ गर्भ असा भेद त्यात आणला. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात इजा आईची मानली आहे. अमेरिकेतील न्यू अमेरिकन स्टँडर्ड बायबलच्या १९७७ च्या आवृत्तीत येथे मार लागून गर्भ पडला असा अर्थ होता, १९९५ च्या आवृत्तीत अकाली प्रसूती असा झाला, म्हणजे इजेचा नियम मुलालाही लागू होऊ शकला. हिब्रू शब्दरचना नव्या अर्थालाही वाव देते, हे खरे. मात्र मधल्या काळातील गर्भपाताच्या प्रश्नावरील वादळ लक्षात घेतल्याशिवाय हा बदल नीट समजत नाही.

‘दिदाखे’ या आद्य ख्रिस्ती ग्रंथात (बहुधा इ. स. पहिल्या शतकाची अखेर किंवा दुसऱ्याचा पूर्वार्ध) गर्भपात स्पष्टपणे निषिद्ध आहे. पुढे ऑगस्टीन व टॉमस अक्वाय्‌नस यांनी गर्भात आत्मा येण्यापूर्वीची व नंतरची अवस्था वेगळी धरली. पोप पाचवा सिक्स्टस याने १५८८ मध्ये हा भेद शिक्षेपुरता काढून टाकला, चौदाव्या ग्रेगरीने १५९१ मध्ये तो परत आणला आणि नवव्या पायसने १८६९ मध्ये पुन्हा रद्द केला. कृत्य पाप आहे, ही धारणा प्राचीन आहे. ते मनुष्यहत्येच्या तोडीचे केव्हापासून, याविषयी मात्र चर्चमध्ये एकमत नव्हते. चर्चची शिकवण कधीच बदलली नाही, असे सरसकट विधान करताना हे ध्यानात ठेवावयास हवे.

अमेरिकेत आरंभी इंग्लिश रूढ कायद्याप्रमाणे, आईला गर्भाची हालचाल जाणवण्यापूर्वी केलेला गर्भपात सामान्यतः गुन्हा ठरत नसे. कनेटिकट राज्याने १८२१ मध्ये पहिला कायदा केला. होरेशो स्टोरर या डॉक्टरच्या पुढाकाराने अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८५९ मध्ये बंदीची मागणी केली आणि शतकअखेरीस ती बहुतेक राज्यांत लागू झाली. या मोहिमेत धर्मोपदेशकांचा वाटा डॉक्टरांहून कमी होता, असे सामान्यतः मानतात.

१९६० नंतर कायदे शिथिल होऊ लागले, तेव्हा संघटित विरोध प्रामुख्याने रोमन कॅथलिकांचा होता. उलट, १९६७ मध्ये न्यूयॉर्कमधील बॅप्टिस्ट पाळक हॉवर्ड मूडी व त्यांचे सहकारी पाळक आणि ज्यू रब्बी यांनी अडलेल्या स्त्रियांना सुरक्षित डॉक्टरांपर्यंत पोहोचविणारी सेवा काढली. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतील मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने १९७१ च्या ठरावात बलात्कार, निकटच्या नात्यातील संबंध, गर्भातील गंभीर व्यंग आणि आईच्या शारीरिक, मानसिक व भावनिक आरोग्याला धोका या कारणांसाठी कायद्यात मुभा असावी, असे म्हटले. रो विरुद्ध वेड (२२ जानेवारी १९७३) या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले. कन्व्हेन्शनने १९८० मध्ये भूमिका पालटली आणि २००३ मध्ये जुन्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला.

हे परिवर्तन का झाले, याबद्दल तीव्र मतभेद आहेत. धर्मेतिहासकार रँडल बाल्मर यांच्या मते इव्हँजेलिकल (बायबलला अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांचे) नेते प्रथम एकवटले ते वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत वाचविण्यासाठी. अशाच बॉब जोन्स या ख्रिस्ती विद्यापीठाची सवलत १९७६ मध्ये काढून घेण्यात आली होती. गर्भपाताचा प्रश्न त्यांनी नंतर उचलला. डॅनियल विल्यम्स प्रभृती अभ्यासक रो निवाड्यापूर्वीच्या गर्भपातविरोधी चळवळीकडे लक्ष वेधतात. तिच्यात गरिबांसाठी कल्याणकारी राज्य हवे असणारे अनेक कॅथलिक डेमोक्रॅट होते. नेत्यांच्या हालचालींचा उलगडा बाल्मर यांच्या मताने अधिक चांगला होतो. सामान्य श्रद्धावंतांची कळकळ मात्र तेवढ्याने समजत नाही, आणि तिला केवळ डावपेच म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पाळक जेरी फॉलवेल यांची मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना (१९७९) व रेगन यांचा अध्यक्षीय निवडणुकीतील विजय (१९८०) यांनंतर इव्हँजेलिकल मते रिपब्लिकन पक्षाकडे स्थिरावली. याच रेगन यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपात शिथिल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. अमेरिकी काँग्रेसच्या हाइड दुरुस्तीने (१९७६) केंद्राच्या पैशातून गरीब स्त्रियांना मिळणारी गर्भपाताची सेवा जवळजवळ बंद केली. निवाड्यांच्या चर्चेत ही झळ बहुधा नोंदलीच जात नाही. १९८४ च्या मेक्सिको सिटी धोरणाने, अमेरिकी मदत हवी असल्यास गर्भपाताची सेवा देऊ नये वा त्याचा पुरस्कार करू नये, अशी अट परदेशी संस्थांवरही घातली. ती नाकारल्यामुळे, १९५२ मध्ये मुंबईतील परिषदेत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व संघाची अमेरिकी मदत थांबली.

कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये धार्मिक नापसंती व कायदेशीर मुभेला पाठिंबा या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. बिशपांचा विरोध कायम असताना कॅथलिकांपैकी बहुसंख्य, पाहण्यांनुसार, सर्व वा बहुतेक प्रसंगी मुभा असावी या मताचे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या डॉब्ज निवाड्याने (२४ जून २०२२) रो रद्द होऊन प्रश्न राज्यांकडे गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये रिपब्लिकन वर्चस्वाच्या कॅन्सस राज्यात, कॅथलिक धर्मप्रांतांनी मोठा निधी देऊनही, राज्यघटनेतील गर्भपाताचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेत गोठविलेल्या भ्रूणांना कायद्याने मुले ठरविले. मुख्य न्यायमूर्तींच्या सहमतीच्या मतपत्रात बायबलचे दाखले होते. पुढच्याच महिन्यात तेथील रिपब्लिकन विधिमंडळाने कृत्रिम गर्भधारणा करणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा केला.