डेरीनमकचा वेढा आणि फितुरीच्या कथा

आयर्लंडमधल्या विकलो परगण्यात, ग्लेन ऑफ इमाल खोऱ्यातल्या डेरीनमक इथे एक शाकारलेलं बैठं घर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलं आहे. ब्रिटिश सत्तेविरुद्धचा १७९८ चा उठाव मोडल्यावरही बंडखोरांचा म्होरक्या मायकेल ड्वायर मूठभर साथीदारांसह या डोंगरांत टिकून होता. फेब्रुवारी १७९९ मध्ये ही मंडळी इथल्या तीन घरांत विखरून मुक्कामाला असताना खबर फुटली आणि ग्लेनगॅरी हायलँडर्स या सरकारी स्कॉटिश पलटणीच्या तुकडीने वेढा घातला. दोन घरांतल्यांनी शस्त्रं खाली ठेवली. तिसऱ्या घरात ड्वायर होता. त्याने आधी बायकामुलांना बाहेर जाऊ देण्याची बोली केली, मग लढाई जुंपली. छप्पर पेटलं. जखमी सॅम मॅकअ‍ॅलिस्टर मुद्दाम दारात जाऊन उभा राहिला. बंदुका ठासणीच्या, पुन्हा भरायला सराईत शिपायालाही पंधरा-वीस सेकंद लागत. बार मॅकअ‍ॅलिस्टरवर निघाले, तेवढ्या अवधीत ड्वायर पसार झाला.

असल्या कथांमधला फितूर बहुधा शेजारपाजारचाच असतो. पण हेही बघायला हवं की ड्वायर शेवटपर्यंत पकडला गेला नाही. डिसेंबर १८०३ मध्ये तो आपणहून शरण आला. तोवरची पाच वर्षं त्याला खाऊपिऊ घालणारं, लपवणारं हेच खोरं होतं.

मोठी फितुरी डब्लिनमध्ये झाली. उठावामागच्या ‘युनायटेड आयरिशमेन’ या गुप्त संघटनेच्या तळाच्या शाखा जेमतेम बारा जणांच्या, त्यामुळे तिथला एखादा फुटला तरी नुकसान मर्यादित. वरच्या समित्यांत मात्र सगळे धागे एकत्र यायचे. लेन्स्टर प्रांताच्या समितीतला थॉमस रेनल्ड्स फुटला आणि १२ मार्च १७९८ रोजी ऑलिव्हर बाँडच्या घरी भरलेली अख्खी बैठक सरकारच्या हाती लागली. १९ मे रोजी संघटनेचा एक प्रमुख नेता लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्ड पकडला गेला. सरकारच्या गुप्त खर्चाच्या वहीत त्याच्या शोधापोटी १,००० पौंडांची नोंद आहे, नावाच्या जागी फक्त ‘एफ. एच.’. हा फ्रान्सिस हिगिन्स, म्हणजे मधला दलाल. खरा खबऱ्या फ्रान्सिस मॅगन हा बॅरिस्टर होता, आणि ते उघड झालं तो मेल्यावर.

लेनर्ड मॅकनॅलीवर तर कुणाचा संशयही गेला नाही. कोर्टात बंडखोरांचं वकीलपत्र घ्यायचा आणि त्यांची माहिती सरकारला पुरवायचा. १८०३ मध्ये पुन्हा उठाव करणाऱ्या रॉबर्ट एमेटचा बचावही त्यानेच केला. १८२० मध्ये तो वारला. त्याची वर्षाची ३०० पौंडांची पेन्शन पुढे चालू ठेवा म्हणून वारसाने मागणी केली, तेव्हा बिंग फुटलं.