ब्लेंडरचे डावे बटण

त्रिमितीय चित्रे आणि ॲनिमेशन करण्यासाठी असलेले ब्लेंडर हे मुक्त (कोणालाही वापरता आणि बदलता येणारे) सॉफ्टवेअर २०१९ पूर्वी पहिल्यांदाच उघडणाऱ्याला पडद्याच्या मधोमध एक करडा ठोकळा आणि बाजूला एक कॅमेरा दिसे. कॅमेरा निवडावा म्हणून त्याने सवयीने माउसचे डावे बटण दाबले, की कॅमेरा निवडला जात नसे; उलट लाल-पांढऱ्या कड्याचा एक कर्सर, म्हणजे नवी वस्तू कुठे येईल ते दाखवणारी खूण, तिथे येऊन बसे. निवडीसाठी उजवे बटण दाबायचे असते, हे कोणी सांगितल्याशिवाय कळणे अवघडच होते.

ही रचना निष्काळजीपणातून आलेली नव्हती. टॉन रोझेंडाल यांनी नेदरलँड्समधील आपल्या स्टुडिओच्या कामासाठी हे साधन घडवले होते, आणि निवड उजव्या बटणावर ठेवल्यास डावे बटण कृतीसाठी मोकळे राहते, चुकून काही निवडले जात नाही, असा त्यामागे विचार होता. पुढे ब्लेंडर चालवणारी त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा चाहत्यांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून २००२ मध्ये ब्लेंडरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता, सर्वांसाठी मुक्त करून घेतला. मुक्त सॉफ्टवेअरची खरी अडचण मला इथे दिसते: ते बहुधा रोज वापरणारेच घडवतात, आणि ज्यांचा हात बसलेला असतो त्यांना नवख्याची अडचण दिसेनाशी होते. विक्रीवर चालणाऱ्या कंपनीला मात्र गोंधळलेला ग्राहक गमावणे परवडत नाही, म्हणून ती नवख्यांचे निरीक्षण करण्यासाठी पगारी माणसे नेमते.

तरीही आपण ज्याला सोपेपणा म्हणतो, त्यात सवयीचा वाटा मोठा असतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ मध्ये वर्ड आणि एक्सेलमधील जुने मेनू जाऊन रिबन, म्हणजे बटणांची टॅबवार पट्टी आली, तेव्हा वर्षानुवर्षे काम केलेल्यांनाही ओळखीच्या आज्ञा नव्याने शोधाव्या लागल्या, आणि जुने मेनू परत आणण्याची सोय त्यात दिलेली नव्हती. लिबरऑफिस या ऑफिससारख्याच मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मात्र जुने मेनू आणि टॅबची पट्टी यांतले हवे ते निवडता येते.

ब्लेंडरनेही हाच मार्ग धरला. जुलै २०१९ मधील २.८० आवृत्तीत निवड डाव्या बटणावर आली, डावीकडे चित्रखुणांची साधनपट्टी आली. पण पहिल्यांदा उघडताच डावे की उजवे हे विचारले जाऊ लागले, त्यामुळे जुन्या कलाकारांचे हातही अडले नाहीत.