क्वेर्सेटिन आणि फुटलेल्या तांबड्या पेशी

फेनिलहायड्राझिन हे रसायन जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशरने 1875 मध्ये तयार केलं आणि शर्करा ओळखायला वापरलं. पुढे तांबड्या पेशी फाजील वाढलेल्या रुग्णांना ते औषध म्हणूनही देत, कारण ते या पेशी फोडतं. आता प्रयोगशाळेत उंदरांना मुद्दाम रक्तक्षय करायला ते वापरतात, आणि क्वेर्सेटिनसारखा पदार्थ त्यापासून वाचवतो का ते पाहतात.

हिमोग्लोबिनशी त्याची अभिक्रिया होऊन मुक्त मूलकं, म्हणजे पेशींची नासधूस करणारे अतिक्रियाशील रेणू, निर्माण होतात. बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे गोळे पेशीच्या पडद्याला आतून चिकटतात. हे हाईन्झ पिंड. प्लीहा अशा पेशी वेचून काढते. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना वापरतात त्या नेहमीच्या गीम्सा रंगात हे पिंड दिसत नाहीत. ताज्या रक्तात क्रिस्टल व्हायोलेट हा रंग मिसळला की पेशीच्या कडेला जांभळा ठिपका उठतो.

क्वेर्सेटिन हे कांद्यातलं फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींमधल्या संयुगांच्या एका गटातलं. ते मूलकं विझवतं आणि सुटं लोह पकडून ठेवतं, म्हणून संरक्षणाची अपेक्षा रास्त आहे. पण मोजमापातच घोळ होतो. फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन प्लाझ्मात उतरतं आणि यंत्र तेही मोजतं, त्यामुळे आकडा बरा दिसतो. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) घसरलेलं आणि एमसीएचसी (पेशींमधली हिमोग्लोबिनची सरासरी तीव्रता) डेसिलिटरला 37 ग्रॅमच्या वर असेल, तर त्या हिमोग्लोबिनवर विसंबू नये. बारीक सुईतून जोरात ओढलेलं रक्तही नळीत फुटतं, मग दोष विषाच्या माथी.

दुसरी गोम वेळेची. अस्थिमज्जा स्वतःच भरपाई करते, काही दिवसांत रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशी, चढतात. उशिरा तपासलं तर निव्वळ विष दिलेले उंदीरही सुधारलेले दिसतात. शिवाय क्वेर्सेटिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलातलं मिश्रण तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक मात्रेआधी हलवावं लागतं, नाहीतर पहिल्या उंदराला पातळ आणि शेवटच्याला दाट मात्रा जाते. आणि नुसतं तेल दिलेला गट नसेल, तर त्या तेलाचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

मोठ्या उंदराची (रॅट) मात्रा माणसाला लावताना साधारण 6.2 ने भागतात. किलोमागे 50 मिलिग्रॅम म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 480 मिलिग्रॅम. 100 ग्रॅम कांद्यात 20 ते 40 मिलिग्रॅम धरलं, तर किलोहून जास्त कांदा झाला. तो खाल्लाच, तरी आतडं आणि यकृत क्वेर्सेटिनला ग्लुकुरोनाइड, सल्फेट हे रासायनिक गट जोडून टाकतात. परीक्षानळीत पेशींवर घालतात तसं सुटं क्वेर्सेटिन रक्तात फारसं उरतच नाही.