नागरी आरोग्यविषमता

नागरी आरोग्यविषमता : एकाच शहरातील निरनिराळ्या वस्त्यांमध्ये आयुर्मान, आजारपण आणि अकाली मृत्यू यांत आढळणारी तफावत. वय किंवा आनुवंशिकता यांतून येणारा फरक या संज्ञेत धरत नाहीत. घर, पाणी, हवा, रोजगार आणि प्रवास यांच्या असमान वाटपातून येणारा, म्हणजेच टाळता येण्याजोगा फरक तेवढा धरतात. हे वाटप बरेचसे शहराच्या कारभारात ठरते. जलवाहिनी आधी कुठे टाकायची, कचराभूमी कुठे हलवायची, बस कुठपर्यंत न्यायची, हे निर्णय घेताना आरोग्य खात्याला सहसा कोणी विचारत नाही. त्यांचे परिणाम मात्र काही वर्षांनी रुग्णालयात येऊन पोहोचतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ च्या अहवालात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे उदाहरण दिले. तिथल्या कॅल्टन भागात पुरुषांचे सरासरी आयुर्मान ५४ वर्षे होते, तर थोड्याच मैलांवरच्या लेन्झीत ८२. दोन्हीकडे सरकारी आरोग्यसेवा एकच आणि मोफत. तेव्हा नुसते दवाखाने वाढवून ही २८ वर्षे भरून निघतील, असे मानायला जागा उरत नाही.

ही जाणीव जुनी आहे. १८२० च्या दशकात फ्रेंच वैद्य लुई-रने व्हिलेर्मे यांनी पॅरिसच्या विभागवार मृत्युनोंदी तपासल्या. नदीची दमट हवा, वाऱ्याची दिशा, दाट वस्ती ही तेव्हाची लाडकी कारणे त्यांनी एकेक करून पडताळली. मृत्युदराशी जुळली ती गरिबी. इंग्लंडमधील समाजसुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टरमधील मजूरवर्गाचे मृत्यूसमयीचे सरासरी वय १७ आणि उच्चवर्गीयांचे ३८ दिले आहे. आकडे इतके खाली येतात ते बालमृत्यूंमुळे. त्याच तक्त्यात रटलंड या ग्रामीण परगण्यातल्या मजुरांचे वयही ३८ आहे: मँचेस्टरच्या श्रीमंताला पैशाने जेवढे आयुष्य मिळत होते, तेवढे खेड्यातल्या मजुराला मोकळ्या हवेत मिळत होते. १८४८ मध्ये प्रशियातील अप्पर सायलेशिया या गरीब प्रांतातली टायफसची (उवांमुळे पसरणाऱ्या तापाची) साथ पाहून आलेल्या जर्मन वैद्य रुडोल्फ फिरखो यांनी औषधांपेक्षा शिक्षण, लोकशाही आणि रस्ते यांची मागणी केली. पुढे ते बर्लिनच्या नगरपरिषदेत बसले आणि भुयारी गटारांसाठी झटले. या विषयाचे मर्म त्यांच्या या वाटचालीत आहे.

विषमतेचा फटका फक्त तळाच्या लोकांना बसतो, हा समज लंडनच्या सरकारी नोकरांच्या पाहणीने खोडून काढला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या व्हाइटहॉल अभ्यासातले सगळे पुरुष पगारदार आणि कार्यालयात काम करणारे होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतला मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. मधल्या प्रत्येक पायरीवर तो चढत गेलेला होता.

हे सारे एका आठवड्यात पाहायला मिळाले ते जुलै १९९५ मध्ये शिकागोत. पारा ४१ अंश सेल्सियसपर्यंत गेला, शवागार अपुरे पडले, शीतवाहने आणावी लागली. नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. मृतांत एकटे राहणारे गरीब वृद्ध बरेच होते. चोरीच्या धास्तीने अनेकांनी खिडक्या बंद ठेवल्या होत्या. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या शेजारशेजारच्या वस्त्या. एकट्या गरीब वृद्धांचे प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखेच. पण पहिलीतला मृत्युदर दुसरीच्या सुमारे दहापट होता. नॉर्थ लॉनडेलमधून कारखाने गेले, दुकाने गेली, भूखंड ओसाड पडले. बाहेर पडावे अशी जागाच उरली नाही. साउथ लॉनडेलचा रस्ता गजबजलेला होता, म्हातारी माणसे दुकानांच्या गारव्यात जाऊन बसत. उष्णता दोन्हीकडे सारखीच होती. १९९९ च्या लाटेत शहराने थंड निवारे उघडले, तिथवर मोफत बस सोडल्या, पोलिसांना एकट्या वृद्धांच्या दारी पाठवले. त्या वेळी ११० जण दगावले.

उष्णतासुद्धा सगळीकडे सारखी पडत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘जोखमीच्या’ म्हणून लाल रंगात गेल्या आणि तिथे कर्ज मिळणे दुरापास्त झाले. १०८ शहरांच्या २०२० मधील अभ्यासात या लाल वस्त्यांचा पृष्ठभाग सर्वोत्तम ठरवलेल्या भागांपेक्षा सरासरी २.६ अंशांनी तापलेला आढळला. झाडे कमी, डांबर आणि काँक्रीट जास्त.

फ्लिंट या मिशिगनमधील बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब शहराची कथा नळातून सुरू होते. राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या कारकिर्दीत, खर्च वाचवण्यासाठी, एप्रिल २०१४ मध्ये शहराला फ्लिंट नदीचे पाणी देऊ लागले. नळांना गंजापासून वाचवणारे रसायन त्यात घातले नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले. पाण्याचा रंग आणि वास यांबद्दल रहिवासी तक्रारी करत होते, त्यांना पाणी सुरक्षित असल्याचे सांगितले जात होते. त्याच ऑक्टोबरमध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी यंत्रभाग गंजवते म्हणून घेणे थांबवले. मुलांना मात्र ते आणखी वर्षभर प्यावे लागले. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुरवठा पूर्ववत झाला. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम भरून येत नाही.

उलट दिशेचे प्रयत्नही नोंदले गेले आहेत. क्षयाला ‘व्हिएन्नाचा रोग’ म्हणत त्या काळात, १९२३ ते १९३४ दरम्यान, व्हिएन्ना महापालिकेने मोठ्या घरांवर चढा कर लावून ६० हजारांहून अधिक सदनिका बांधल्या. उजेड, मोकळे अंगण, दवाखाना आणि बालवाडी हा त्या आराखड्याचाच भाग होता. कोलंबियातील मेदेयीन शहराने २००४ मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्या रोपवेने मेट्रोला जोडल्या, सोबत ग्रंथालये आणि रस्ते सुधारले. या वस्त्यांतील खुनांचे प्रमाण इतर तशाच वस्त्यांपेक्षा बरेच अधिक घटले.

अशा सुधारणांतला एक धोका अभ्यासकांनाही उशिरा जाणवला. उद्यान झाले, हवा सुधारली की भाडे वाढते आणि जुने भाडेकरू लांब फेकले जातात. त्यांच्या जागी आलेल्या सुस्थितीतल्या माणसांमुळे वस्तीचे सरासरी आयुर्मान वर चढते. उठून गेलेल्यांची तब्येत होती तशीच राहते; ती आता दुसऱ्या वस्तीच्या आकड्यांत मोजली जाते.