जखऱ्याच्या दर्शनामागचं मंदिर

याजक, म्हणजे पुरोहित, असलेल्या जखऱ्याला मंदिरात देवदूत दिसला आणि त्याच्यावर विश्वास न ठेवल्याने तो मुका झाला, ही बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली (1:5-23) हकिकत अनेकांना तोंडपाठ असते. पण तो आत एकटा का होता आणि बाहेर लोक कशासाठी खोळंबले होते, हे कळायला यरुशलेमच्या मंदिराचा रोजचा क्रम माहीत हवा.

याजकपद मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशात बापाकडून मुलाकडे येई. बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात या घराण्यांचे 24 वर्ग दिले आहेत. जखऱ्याचा अबीयाचा वर्ग त्यात आठवा. प्रत्येक वर्गाची पाळी आठवडाभराची, वर्षातून साधारण दोनदा. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण, या तीन सणांना मात्र सगळेच वर्ग हजर असत. एरवी याजक आपापल्या गावी राहत. जखऱ्याचं घर यहूदाच्या डोंगराळ मुलखात होतं.

कामं कोणी करायची हे ठरवायची पद्धत इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या संग्रहात, सांगितली आहे. आधी वेदीवरची राख काढायला जो वेदीच्या चढणीवरून पळत पहिला वर पोहोचेल त्याला मान मिळे. एकदा दोघं बरोबरीने धावले, एकाने दुसऱ्याला ढकललं आणि त्याचा पाय मोडला. तेव्हापासून नंबर काढायची रीत सुरू झाली. याजक गोल उभे राहून बोटं पुढे करत, कारण माणसं मोजणं निषिद्ध होतं; मग अधिकारी एक आकडा सांगून बोटं मोजत जाई. धुपासाठी तर, ज्यांनी पूर्वी कधी धूप जाळला नाही त्यांनीच पुढे यावं, अशी हाक दिली जाई. इतक्या याजकांत हा मान एखाद्याच्या वाट्याला आला तर आयुष्यात एकदाच. म्हातारपणी जखऱ्याला तो मिळाला, यातच केवढा आनंद असेल!

सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा धूप चढे. एक याजक बाहेरच्या वेदीवरचे निखारे आत नेऊन सोन्याच्या धूपवेदीवर पसरे. मग धूप जाळणारा आत जाई. त्याला आधीच बजावलेलं असे: धूप स्वतःच्या बाजूने पसरायला सुरुवात करू नकोस, भाजशील. बाकीचे मागे सरत, अधिकारी ‘धूप जाळ’ म्हणे आणि याजक एकटा उरे. डावी-उजवीकडे दीपवृक्ष आणि समर्पित भाकरींचं मेज, समोर अंतरपट, त्यामागे परमपवित्रस्थान, म्हणजे मंदिराचा सर्वांत आतला गाभारा.

इथे भीती होतीच. अहरोनाचे मुलगे नादाब आणि अबीहू यांनी परका अग्नी नेला आणि ते जागीच मेले, ही कथा प्रत्येक याजकाला ठाऊक. याजक नसलेला राजा उज्जीया धूप जाळायला घुसला तेव्हा त्याला कोड फुटलं. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक प्रार्थना आवरती घेई, लोकांचा जीव टांगणीला लागू नये म्हणून.

पण याच धुपाच्या घटकेला देव बोलतो अशी श्रद्धाही होती. इतिहासकार योसेफस, जो स्वतः पहिल्या वर्गातला याजक होता, सांगतो की प्रमुख याजक योहान हिर्कानस एकटा धूप जाळत असताना त्याला वाणी ऐकू आली: तुझ्या मुलांनी अँटिओकसला (शत्रू राजाला) हरवलं. बाहेर येऊन त्याने ती जमावाला सांगितली आणि ती खरी ठरली. म्हणून जखऱ्याला उशीर झाला तेव्हा लोकांनी दर्शनाचाच अंदाज बांधला, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

ते थांबले होते आशीर्वादासाठी. धूप झाल्यावर याजक ओसरीच्या पायऱ्यांवर उभे राहून गणना 6:24-26 मधले शब्द लोकांवर उच्चारत. जखऱ्या बाहेर आला तो मुका. ज्या क्षणी तोंडून आशीर्वाद निघायचा, नेमक्या त्याच क्षणी तो फक्त खुणा करत होता. लूकची गोष्ट इथेच मला सर्वांत जास्त भिडते.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केलं आणि धूप थांबला. वर्गांची आठवण मात्र टिकली. 1962 मध्ये इस्राएलमधल्या कैसरियात त्यांची यादी कोरलेल्या शिलालेखाचे तुकडे सापडले. आणि तो आशीर्वाद अहरोनाचे वंशज, म्हणजे कोहेन, आजही ज्यूंच्या सभास्थानांत देतात.